मदतकार्यासाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी स्वयंसेवी नकाशांकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅपाथॉनला, म्हणजे एकत्र बसून नकाशा भरण्याच्या सत्राला, पहिल्यांदा येणाऱ्यांकडून आणि घरबसल्या हे काम सुरू करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी चुका फार होतात. काही प्रश्नांना दोन ओळी पुरेशा वाटल्या.

हे नेमके कोणते काम आहे?

ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा खुला नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी तो २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू केला. विकिपीडियातील लेख जसा कोणीही लिहू किंवा सुधारू शकतो, तसे या नकाशात खाते उघडून कोणालाही रस्ता, घर, विहीर, शाळा किंवा पायरी नोंदवता येते. या नकाशावर चालणाऱ्या अनेक कामांपैकी दोन कामांविषयी हे पान आहे. एक म्हणजे भूकंप, पूर, साथीचे रोग अशा प्रसंगी मदत पथकांना लागणारा नकाशा तयार करणे. दुसरे म्हणजे पायी चालणाऱ्यांना, विशेषतः व्हीलचेअर वापरणाऱ्यांना, दृष्टिहीनांना आणि वृद्धांना कोणत्या वाटेने जाता येईल हे नकाशात आणणे.

ही दोन कामे एकाच पानावर का?

प्रचलित नकाशे वाहनांसाठी बनतात, आणि जिथे चाक पोहोचत नाही तिथे त्यांची माहिती विरळ होत जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले आणि माती उपसणारी यंत्रे वर नेताच आली नाहीत. अशा वेळी पायवाट कुठून निघते, ओढा कुठे ओलांडते, मधल्या वाटेने दुसरी एखादी वस्ती लागते का, ही माहिती मोटारीच्या नकाशात शोधून सापडत नाही. शहरातल्या फुटपाथचेही तसेच आहे. रस्त्याचे नाव, एकेरी वाहतूक, वाहनतळ हे सगळे नकाशात असते, पण फुटपाथची कड किती उंच आहे हे नसते. वाट पायी चालणाऱ्याच्या नजरेने नोंदवायची असते आणि त्यासाठी लागणारी शिस्तही सारखीच असते, म्हणून ही दोन्ही कामे आम्ही एकत्र शिकवतो.

गूगलचा नकाशा असताना वेगळा नकाशा कशाला?

रोजच्या प्रवासासाठी तो वापरायला कोणाचीच हरकत नाही. फरक असा की तिथे नकाशाचे चित्र पाहायला मिळते, त्यामागची माहिती हाती येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कोणीही उतरवून घेऊ शकतो, इंटरनेटशिवाय वापरू शकतो, कागदावर छापू शकतो आणि तिच्यावरून स्वतःला हवा तसा नकाशा तयार करू शकतो. या उपयोगासाठी ओपन डेटाबेस लायसन्स हा परवाना २०१२ पासून लागू आहे. त्याच्या मुख्य अटी दोन आहेत: योगदानकर्त्यांचा उल्लेख करावा, आणि या माहितीत भर घालून बनवलेला माहितीसाठा प्रसिद्ध केला तर तोही याच परवान्याखाली खुला ठेवावा. एखाद्या तालुक्यातील आशा कार्यकर्त्यांना फक्त पाडे, पाणवठे आणि पायवाटा दाखवणारा नकाशा हवा असेल, तर तो या माहितीतून काढता येतो.

मदतकार्यात याचा खरोखर उपयोग झाला आहे का?

झाला आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा वापरण्याजोगा तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. उपग्रह कंपन्यांनी भूकंपानंतरची चित्रे खुली केली आणि जगभरातल्या सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी काही आठवड्यांत रस्ते, कोसळलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या रेखाटल्या. बचाव पथकांनी तो नकाशा हातातल्या जीपीएस यंत्रांवर उतरवून घेतला. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था नोंदवली गेली. तिला सर्वजण ‘हॉट’ म्हणतात.

नेपाळचे उदाहरण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते, कारण तिथे तयारी आधीपासून होती. काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या स्थानिक संस्थेने भूकंपाच्या काही वर्षे आधीच काठमांडू खोऱ्यातील शाळा, दवाखाने आणि रस्ते नोंदवायला सुरुवात केली होती आणि विद्यार्थ्यांना नकाशांकन शिकवले होते. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा परदेशातून हजारो लोक मदतीला आले, पण कोणत्या भागाचा नकाशा आधी हवा आहे आणि आलेली मागणी कोणापर्यंत पोहोचवायची आहे हे ठरवणारी माणसे काठमांडूतच होती. बाहेरच्या हजार हातांना दिशा देणारे आठ-दहा जाणते लोक जागेवर असतील तरच काम नीट होते, हे तिथे स्पष्ट दिसले.

साथीच्या रोगांत नकाशाचे काम वेगळ्या प्रकारचे असते. मार्च २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरू लागला तेव्हा गिनीमधील गेकेडू शहराचा आणि परिसराचा नकाशा तातडीने हवा होता. मेद्सां सां फ्रॉन्तिएर या डॉक्टरांच्या संघटनेची ती मागणी होती. रुग्ण आपल्या गावाचे नाव सांगत असे, पण ते गाव कुठे आहे हेच कोणाला माहीत नसेल तर त्याच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घ्यायचा कसा? गावांची ठिकाणे आणि त्यांना जोडणारे रस्ते नकाशात आले की हा शोध सुरू करता येतो.

नुसती घरे रेखाटून काय मिळते?

घरांच्या संख्येवरून लोकसंख्येचा अंदाज बांधता येतो. जिथे जनगणना जुनी आहे किंवा झालेलीच नाही, तिथे छपरे मोजून त्यांना कुटुंबातील सरासरी माणसांच्या संख्येने गुणतात आणि त्यावरून गोवराच्या लसीच्या किती मात्रा न्यायच्या, किती पथके लागतील, पाण्याची किती सोय करायची हे ठरवतात. मॅपाथॉनमध्ये दोन तास एकसारख्या चौकोनी छपरांवर क्लिक करून कंटाळलेला स्वयंसेवक जेव्हा हा प्रश्न विचारतो, तेव्हा आम्ही त्याला हेच सांगतो. कंटाळा येणे स्वाभाविक आहे. पण कंटाळून वस्तीचा एक कोपरा सोडून दिला आणि तरीही आपल्या वाट्याचा नकाशाचा चौकोन ‘पूर्ण’ म्हणून नोंदवला, तर त्या कोपऱ्यातली माणसे मोजणीतून गळतात.

आपत्ती आल्यावरच काम सुरू होते का?

नाही, आणि होऊही नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकन रेड क्रॉस, ब्रिटिश रेड क्रॉस, मेद्सां सां फ्रॉन्तिएर आणि हॉट यांनी मिळून मिसिंग मॅप्स हा उपक्रम सुरू केला, तो याच कारणासाठी. जे प्रदेश आपत्तीच्या छायेत आहेत पण नकाशात रिकामे आहेत, ते आधीच भरून ठेवायचे असा त्याचा उद्देश आहे. त्याची कार्यपद्धती तीन टप्प्यांची आहे. दूरवरचे स्वयंसेवक उपग्रहचित्रावरून घरे आणि रस्ते रेखाटतात; नंतर स्थानिक लोक छापील नकाशे किंवा फोन घेऊन फिरतात आणि गल्ल्यांची, मोहल्ल्यांची, दवाखान्यांची नावे भरतात; शेवटी संस्था तो नकाशा वापरतात. यातला मधला टप्पा घरबसल्या करता येत नाही. आफ्रिकेतल्या एखाद्या गल्लीला तिथले लोक काय म्हणतात हे पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला उपग्रहचित्रातून कळणार नाही, आणि त्याने ते अंदाजाने लिहूही नये.

संगणकाचे ज्ञान किती हवे?

माउस नीट चालवता आला आणि ब्राउझर उघडता आला की पुरे. ‘आयडी’ हे संपादन साधन ब्राउझरमध्येच चालते आणि त्याचा प्राथमिक पाठ अर्ध्या तासात संपतो. ‘जोसम’ हे अधिक ताकदीचे साधन आहे, पण ते पहिल्याच दिवशी उघडू नये. फोनवर छपरे रेखाटण्याचा प्रयत्न करू नये. बोट छपरापेक्षा मोठे असते.

टास्किंग मॅनेजर म्हणजे काय?

मोठ्या प्रदेशाचे लहान चौकोन पाडून ते स्वयंसेवकांत वाटणारी ही व्यवस्था हॉट चालवते. तुम्ही एक चौकोन घेतला की तो तुमच्या नावाने बंद होतो, त्यामुळे एकाच घरावर दोघे काम करत नाहीत. काम संपले की तो ‘पूर्ण’ म्हणून सोडायचा, अर्धे राहिले तर तसे सांगून सोडायचा. मग दुसरा अनुभवी स्वयंसेवक त्याची पडताळणी करतो. प्रत्येक प्रकल्पाच्या सूचना वेगळ्या असतात: कुठे फक्त इमारती हव्या असतात, कुठे फक्त रस्ते. सूचना न वाचता काम सुरू करणारे प्रत्येक मॅपाथॉनमध्ये भेटतात, आणि त्यांचे काम निस्तरायला पडताळणी करणाऱ्याला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागतो.

चित्रावरून रेखाटताना कोणत्या चुका हमखास होतात?

सर्वात पहिली चूक म्हणजे छपराची कड इमारतीची कड समजणे. उपग्रह अगदी डोक्यावरून चित्र घेतोच असे नाही. तो तिरका असला की उंच इमारत एका बाजूला कललेली दिसते. अशा वेळी छपराचा आकार रेखाटून तो इमारतीच्या पायापर्यंत सरकवावा लागतो. बैठ्या घरांत हा फरक नगण्य असतो, पण चार मजली इमारत तशीच सोडली तर ती नकाशात शेजारच्या गल्लीत जाऊन बसते.

दुसरी चूक चित्र सरकलेले असण्याची. दोन कंपन्यांची चित्रे एकमेकांशी काही मीटरने न जुळणे ही नेहमीची गोष्ट आहे. नव्या स्वयंसेवकाला वाटते की आधीच्या लोकांनी सगळा गाव चुकीच्या जागी रेखाटला आहे, आणि तो एकेक घर सरकवू लागतो. तसे करू नये. आधी पार्श्वभूमीचे चित्र सरकवून जुन्या रेघांशी आणि उपलब्ध जीपीएस माग (चालत गेलेल्या वाटेची फोनने किंवा यंत्राने टिपलेली रेघ) असतील तर त्यांच्याशी जुळवून पाहावे.

तिसरी चूक दिसत नाही, म्हणून ती सर्वांत वाईट. दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना छेदताना दिसतात, पण त्यांचा सामाईक बिंदू नसेल तर संगणकाच्या दृष्टीने ते जोडलेलेच नसतात. नकाशा पाहणाऱ्या माणसाला काहीच वावगे वाटत नाही, मात्र मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर रुग्णवाहिकेला पलीकडच्या टेकडीवरून फिरवून आणते. रस्ता काढल्यावर त्याची दोन्ही टोके कुठे जोडली गेली आहेत हे प्रत्येक वेळी मोठे करून पाहावे.

गोल झोपडी चौकोनी काढणे, एकाला एक लागून असलेली दहा घरे एका आकारात कोंबणे, गवताच्या गंजीला घर समजणे, कोरड्या ओढ्याला रस्ता समजणे, या चुका सवयीने कमी होतात. शंका असेल तर काढू नये आणि चौकोन सोडताना शंका टिप्पणीत लिहावी. कमी पण बरोबर, हा आमचा आग्रह आहे.

पडलेली घरे चित्रावरून ओळखून नोंदवावीत का?

प्रकल्पाने स्पष्टपणे मागितले नसेल तर नोंदवू नयेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सला हैयान चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा स्वयंसेवकांनी पडझडीचीही नोंद केली होती. नंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या पडताळणीत त्या नोंदी फारशा भरवशाच्या नसल्याचे दिसून आले. वरून पाहताना छप्पर शाबूत दिसते आणि खाली भिंती गेलेल्या असतात. कुठे घर होते आणि तिथे कसे जायचे, एवढे सांगणे दूरच्या स्वयंसेवकाच्या आवाक्यात आहे. किती पडले हे जागेवरच्या माणसाने सांगावे.

दुसऱ्या नकाशावरून नाव पाहून लिहिले तर चालेल का?

नाही. गूगल किंवा इतर कोणत्याही संरक्षित नकाशावरून नाव, रस्ता किंवा दुकान उतरवणे म्हणजे त्यांच्या परवान्याचा भंग आहे, आणि अशी नोंद सापडली की काढून टाकली जाते. संपादन साधनात पार्श्वभूमी म्हणून दिलेल्या, परवानगी मिळालेल्या चित्रांवरून रेखाटता येते. त्यापलीकडे तुमचे स्वतःचे डोळे, तुमच्या फोनचा जीपीएस माग आणि तुम्ही काढलेले फोटो हेच सर्वोत्तम साधन.

महाराष्ट्रातील गावांची नावे कशी लिहावीत?

नकाशात एका ठिकाणाला अनेक भाषांतील नावे देता येतात आणि मराठी नावासाठी स्वतंत्र टॅग (नोंदीला जोडायचा माहितीचा रकाना) आहे. तो भरताना रोमन लिपीतील नाव सॉफ्टवेअरला देऊन त्याचे देवनागरी करून घेऊ नये. रोमन लिपीत ण आणि ळ हे वर्ण हरवतात, म्हणून असे सॉफ्टवेअर पेणचे पेन करते आणि आळंदीचे आलंदी. गावाच्या पाटीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा एसटीच्या थांब्यावर नाव जसे लिहिलेले असेल तसे घ्यावे. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द पाटीवर ‘खु.’ आणि ‘बु.’ असे आखडलेले असले तरी नकाशात पूर्ण लिहावेत, कारण एकाच नावाची ती दोन वेगळी गावे असतात आणि मदत पथक चुकीच्या गावात पोहोचायला एवढा गोंधळ पुरेसा आहे. वाडी, पाडा, तांडा, वस्ती यांची नावे तर नोंदवावीतच. महसुली गावाचे नाव कागदोपत्री असते; लोक मात्र वाडीच्या नावाने पत्ता सांगतात.

सह्याद्रीतील पायवाटा कशा नोंदवायच्या?

उन्हाळ्यातल्या चित्रात पायवाट पांढुरक्या रेघेसारखी उमटते आणि पावसाळ्यानंतरच्या चित्रात ती गवताखाली नाहीशी होते, त्यामुळे चित्र कोणत्या महिन्यातले आहे हे आधी पाहावे. झाडीतून जाणारी वाट चित्रात दिसतच नाही. तिथे चालून काढलेला जीपीएस माग लागतो आणि आपल्याकडच्या गिर्यारोहकांकडे असे माग भरपूर असतात. ते चढवताना एक पथ्य पाळावे. ढोरवाट, एकदा चुकून गेलेली वाट आणि गावकऱ्यांची रोजची वाट यांत फरक आहे. नोंदवायची ती तिसरी. ओढा फक्त पावसाळ्यात वाहत असेल तर त्याला ‘हंगामी’ असा टॅग द्यावा. एप्रिलमध्ये उडी मारून ओलांडता येणारे पाणी जुलैमध्ये वाट अडवते, ही गोष्ट नकाशा वाचणाऱ्याला कळायला हवी.

फुटपाथ रस्त्याच्या रेघेवर नोंदवावा की स्वतंत्र रेघ काढावी?

यावर जगभर वाद आहे आणि दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. रस्त्याच्या रेघेवर ‘फुटपाथ दोन्ही बाजूंना’, ‘फक्त डावीकडे’, ‘नाही’ असे लिहिणे सोपे आहे. त्यात एवढेच लक्षात ठेवावे की डावे-उजवे हे रेघ ज्या दिशेने काढली आहे त्यावरून ठरते, आपण उभे आहोत त्यावरून नव्हे. स्वतंत्र रेघ काढली तर रुंदी, पृष्ठभाग आणि कडेची उंची जागच्या जागी नोंदवता येते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील टास्कर सेंटरने ओपनसाइडवॉक्स ही नोंदीची पद्धत या दुसऱ्या मार्गाने विकसित केली आहे.

आमचे मत असे आहे की स्वतंत्र रेघ तेव्हाच काढावी, जेव्हा रस्ता ओलांडण्याच्या जागाही त्याच बैठकीत रेखाटून जोडण्याची तयारी असेल. झेब्रा क्रॉसिंगशी न जोडलेला फुटपाथ हे नकाशातले बेट आहे. त्यावरून चालणाऱ्याला सॉफ्टवेअर समोरच्या दुकानात जाण्यासाठी अर्धा किलोमीटर पुढे नेऊन परत आणते. अर्धवट काढलेल्या स्वतंत्र फुटपाथपेक्षा रस्त्यावरचा एक साधा टॅग कितीतरी उपयोगी.

फुटपाथवर नेमके काय मोजायचे?

कड आधी. कर्ब हा शब्द अभियंत्यांचा. आपण त्याला फुटपाथची कड म्हणू. नकाशात तिचे मुख्य तीन प्रकार आहेत: रस्त्याशी सपाट, सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंत उतरवलेली, आणि त्याहून उंच. उंच कड व्हीलचेअर वापरणाऱ्याला एकट्याने चढता येत नाही, म्हणून सगळा फुटपाथ गुळगुळीत असला तरी दोन टोकांना उंच कड असेल तर तो त्याच्या दृष्टीने बंद आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ सालच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि निवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी. खिशात एक साधी टेप ठेवून आपल्या गल्लीत फिरून पाहा. प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, हे नेहमी चालणाऱ्याच्या पायांना इतके सवयीचे झालेले असते की मोजायला गेल्यावरच लक्षात येते.

रुंदी मोजताना दोन्ही कडांमधले अंतर लिहू नये. सर्वात अरुंद ठिकाणी चालायला किती जागा उरते ते लिहावे. विजेची डीपी, जाहिरातीचा खांब, झाडाचे आळे, बसथांब्याचे शेड यांनी दोन मीटरचा फुटपाथ साठ सेंटिमीटरचा होतो. दुचाक्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब हा आपल्याकडचा खास प्रकार आहे. त्यांच्यामधले अंतर मोजून नोंदवणे अत्यंत उपयोगी, कारण जे दुचाकीला अडवतात ते बहुतेकदा व्हीलचेअरलाही अडवतात. अरुंद जागेतून सुरळीत जायला व्हीलचेअरला साधारण नव्वद सेंटिमीटर लागतात.

त्यानंतर पृष्ठभाग (डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, माती), त्याचा सपाटपणा आणि चढ. रॅम्पसाठी १:१२ हा मान्य उतार आहे, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. फोनमधल्या पातळीदर्शकाने उतार चांगला कळतो. जिने असतील तर पायऱ्यांची संख्या आणि कठडा आहे की नाही हे लिहावे. रेल्वेच्या पादचारी पुलांवर ही माहिती गुडघेदुखी असलेल्या प्रत्येक प्रवाशाला हवी असते.

दुकान किंवा दवाखाना ‘व्हीलचेअरसाठी योग्य’ आहे हे कसे ठरवायचे?

बर्लिनच्या सोत्सियालहेल्डेन या संस्थेने २०१० साली सुरू केलेल्या व्हीलमॅपची व्याख्या आम्ही वापरतो. प्रवेशद्वाराशी एकही पायरी नाही आणि आतील सर्व खोल्या पायरीविना आहेत, तर ‘होय’. दाराशी जास्तीत जास्त सात सेंटिमीटरची एकच पायरी आहे आणि मुख्य खोल्या पायरीविना आहेत, तर ‘मर्यादित’. बाकी सर्व ‘नाही’. दुकानदार ‘आम्ही उचलून घेतो’ असे प्रेमाने सांगतो, तेही ‘नाही’च समजावे. स्वतःहून आत जाता येणे आणि उचलून नेले जाणे यांतला फरक व्हीलचेअर वापरणाऱ्यालाच विचारावा.

दृष्टिहीनांसाठी काय नोंदवावे?

पिवळ्या उठावाच्या फरशा कुठे आहेत आणि कुठे अचानक संपतात हे नोंदवावे. त्यांत लांब पट्ट्यांची फरशी ‘या दिशेने चला’ असे सांगते आणि गोल उंचवट्यांची फरशी ‘पुढे काहीतरी आहे, थांबा’ असे. सिग्नलला आवाज आहे का, हीदेखील स्वतंत्र नोंद आहे. फरशांची रांग थेट खांबाकडे जात असेल तर खांबही नोंदवावा. आम्ही अशा रांगा पाहिल्या आहेत.

फुटपाथवरच्या गाड्या, पथारी आणि गणपतीचा मांडव यांचे काय?

आज असून उद्या नसणाऱ्या गोष्टी नकाशात घेत नाहीत, म्हणून उभ्या केलेल्या दुचाक्या आणि मांडव नोंदवू नयेत. वर्षानुवर्षे त्याच जागी असलेली बांधीव टपरी नोंदवावी. नकाशा हे तक्रारपत्र नाही; मात्र अचूक नोंदी हाती असल्या की तक्रार करणाऱ्याला त्यांचा आधार मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अस्तित्वातच नाही असे समजून वागणाऱ्या यंत्रणांपुढे ‘या रस्त्यावर फुटपाथ चांगला नाही’ हे वाक्य टिकत नाही. कोणत्या चौकात कड किती सेंटिमीटर उंच आहे, हे टिकते.

चालत फिरून नोंदी करण्यासाठी कोणते अ‍ॅप चांगले?

अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट. ते नकाशातल्या अपुऱ्या जागा शोधून तुम्हाला साधे प्रश्न विचारते (येथे कड कशी आहे, पृष्ठभाग कोणता आहे) आणि उत्तर थेट नकाशात भरते. टॅग पाठ करावे लागत नाहीत. दुकाने आणि प्रवेशद्वारांसाठी एव्हरी डोअर चांगले. आयफोनवर गो मॅप वापरता येते. रस्ता ओलांडताना फोन पाहू नये, हे सांगण्याची गरज पडू नये; पण पडते.

यंत्र आपोआप घरे ओळखत असेल तर माणसांची गरज काय?

मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनी यंत्राने ओळखलेल्या इमारतींचे मोठे साठे खुले केले आहेत आणि संपादनात त्यांचा सुचवण्या म्हणून वापर होतो. सुटी सुटी पक्की घरे यंत्र चांगले ओळखते. दाट वस्तीत एकमेकांवर आलेल्या पत्र्यांत ते गोंधळते, आणि प्रत्येक सुचवणी माणसाने पाहूनच स्वीकारावी असा नियम आहे. झाडाखालचा फुटपाथ, त्याची कड, गावाचे नाव यांतले काहीच आकाशातून दिसत नाही.

भारतात असे नकाशांकन कायदेशीर आहे का?

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भूस्थानिक माहितीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. संवेदनशील ठिकाणांबाबत मात्र निर्बंध आहेत, त्यामुळे लष्करी आस्थापनांच्या आतील तपशील रेखाटू नयेत. ड्रोनचे नियम स्वतंत्र आहेत. ते वाचल्याशिवाय ड्रोन उडवू नये.

कोणती माहिती मुळीच नोंदवू नये?

घरात कोण राहते, त्यांची जात, आजार, फोन क्रमांक. पीडित स्त्रियांची आश्रयगृहे. संघर्ष चालू असलेल्या प्रदेशात निर्वासितांचे तळ नोंदवायचे की नाही, हा निर्णय त्या प्रकल्पाचे स्थानिक समन्वयक घेतात, स्वयंसेवकाने तो स्वतः घेऊ नये. प्रत्येक संपादन तुमच्या वापरकर्ता नावासह कायम आणि सर्वांना दिसेल असे राहते, म्हणून ते नाव निवडतानाही विचार करावा.

माझी नोंद कोणीतरी बदलली किंवा पुसली. आता काय करू?

आधी इतिहास उघडून पाहा. प्रत्येक बदलासोबत टिप्पणी असते आणि तिच्याखाली प्रश्न विचारता येतो. बहुतेक वेळा कारण साधे निघते: रस्ता दोनदा काढला गेला होता, किंवा तुम्ही मोजल्यानंतर फुटपाथ नव्याने बांधला गेला. शांतपणे विचारावे आणि शक्य असल्यास जागेचा फोटो दाखवावा. दोघांचेही म्हणणे अडून राहिले, तर जागेवर आज जे आहे ते ग्राह्य धरले जाते, म्हणून पुन्हा एकदा टेप घेऊन त्या चौकात जाणे हा सर्वात जलद उपाय आहे.

केलेले काम मला कुठे दिसेल?

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर बहुधा काही मिनिटांत. ऑरगॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही अ‍ॅप नकाशा फोनमध्ये साठवून ठेवतात, त्यामुळे तिथे तो पुढच्या अद्ययावतीकरणानंतर दिसतो, पण नंतर नेटवर्क नसलेल्या ठिकाणीही चालतो. कडेची उंची आणि खांबांमधले अंतर नेहमीच्या नकाशाच्या चित्रावर उमटत नाही. ते पाहण्यासाठी त्या बिंदूवर टिचकी मारून टॅग वाचावे लागतात, किंवा व्हीलचेअरचा मार्ग काढून देणाऱ्या सेवेत तोच पत्ता टाकून पाहावा लागतो.